एकाच गल्लीतली दोन लेकरं, एक पहिल्याच संध्याकाळी दवाखान्यात अन् दुसरं चौथ्या दिवशी. दवाखाना फुकट झाला तरी असं का होतं?

कापूसकाठ

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे, शाळेला लागूनच अंगणवाडी आहे त्यामुळे लहान लेकरांचं दुखणंखुपणं रोज डोळ्यासमोर असतं. एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती इथं मांडते, कारण इथं आशाताई आहेत, डॉक्टर आहेत, शेतीवाले आहेत, कोणाला तरी नीट सांगता येईल.

या पावसाळ्यात गावात तापाची साथ होती. एकाच गल्लीत दोन घरं, दोन्हीकडे दोन-अडीच वर्षांचं लेकरू, दोघांनाही ताप अन् खोकला. एका घरी वडील तालुक्याला नोकरीवर, त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी काढली अन् बालरोगतज्ज्ञाला दाखवून आणलं. दुसऱ्या घरी नवराबायको दोघंही मजुरीला, निंदणाचे दिवस. त्यांचं लेकरू चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलं, तोवर ते पाणीसुद्धा घेत नव्हतं, तिथून सरळ यवतमाळला न्यावं लागलं. वाचलं, पण आठवडाभर भरती होतं.

आता १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यात, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा अन् जिल्हा रुग्णालय, सगळीकडे उपचार फुकट आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. मग पैशाची अडचण उरली कुठं? आमच्या स्टाफरूममध्ये यावर एकच उत्तर मिळतं की लोक अडाणी आहेत. मला ते अजिबात पटत नाही. ती आई दहावी झालेली आहे, लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवते, एकही लस चुकलेली नाही. अशी बाई चार दिवस का थांबली?

नागपूरवासी

ताई, भावना समजतात पण जागरूकता हा मुद्दा आहेच की. घरात मोबाईल रिचार्ज होतो, लग्नात डीजे लागतो, मग लेकराला तालुक्याला न्यायला शे-दोनशे निघत नाहीत हे पटत नाही. माझं मूळ गाव दर्यापूरकडचं आहे, आजही घरात लेकरू तापलं की आधी नजर काढतात, अंगारा लावतात, मग दवाखाना. सरकारनं फुकट केलं, अजून काय करायचं?

वऱ्हाडी_वावर

नागपूरवासी भाऊ, तुमचा राग समजते पन एक दिवसाचा हिशोब मी सांगतो, मंग तुमीच सांगा.

आमच्या गावातून पीएचसी लांब नाई पन एसटी सकाळी एक अन् संध्याकाळी एक. मधात काळीपिवळी, ते भरल्याशिवाय निघत नाई. जानं-येनं दोघाचं मिळून शंभर-सव्वाशे गेले. बायको लेकराले घेऊन एकटी जात नाई कारन पुढं तालुक्याले पाठवलं तर तिले एकटीले जमत नाई, मंग मले जा लागते. म्हनजे दोघाचीबी रोजी पडली. तिची अडीचशे-तीनशे, माही चारशेच्या आसपास. दुसरं पोट्टं शाळेतून येईल तर त्याले शेजारी ठेवा. डॉक्टर म्हनते एक शिरप भायेरून घ्या, ते दीडशे. दुपारी लेकरासाठी बिस्किट, केळं. आता लावा बेरीज, आठशे-हजार झाले का नाई? दवाखान्यानं एक पैसा नाई घेतला तरी हजार गेले.

अन् एवढंच नाई. निंदनाची टोळी असते, मुकादमीन बाई असते, एक दिवस नागा केला तर तुमच्या जागी दुसरी बाई लागते, मंग चार दिवस काम भेटत नाई. म्हनून मानूस म्हनते आज ताप उतरला, उद्या पाहू. लेकराले पॅरासिटामॉल देल्यावर ताप उतरतेच ना, मंग वाटते झालं बरं. रात्री पुन्हा चढते. असे तीन दिवस कधी गेले समजत नाई.

डीजेचं म्हनसान तर लग्न एप्रिल-मे मधी, तवा कापूस-तुरीचे पैसे घरात असते. लेकरं बिमार पडते आषाढ-श्रावनात. तवा घरात रोकड नसते.

कापूसकाठ

@वऱ्हाडी_वावर भाऊ, शेवटचं तुम्ही लिहिलं ते मी असं जोडून कधी पाहिलंच नव्हतं. जून-जुलैत बियाणं, खत, फवारणी यात सगळं लागून जातं अन् नवीन पैसा सोयाबीन निघाल्यावर नाहीतर पहिली वेचणी विकल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर. मधले चार महिने घरात काही नाही, अन् हगवण, न्यूमोनिया, मलेरिया सगळं त्याच चार महिन्यात.

आशाताई_घाटंजी

मी आशा आहे, घाटंजी तालुक्यात. ताई तुम्ही विचारलं ती बाई का थांबली, मी सांगते, ती थांबली नसेल. चार दिवस तिनं काही ना काही केलं असणार, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

पीएचसीची सकाळची ओपीडी साडेबाराला संपते. चार ते सहा परत असते पण तोवर बाई वावरात. ती घरी येते सहा-साडेसहाला, लेकरू सासूजवळ तापलेलं, आता जायचं कुठं? गावात नाहीतर शेजारच्या गावात एक झोलाछाप, म्हणजे डिग्री नसलेला डॉक्टर बसतो, तो रात्री नऊपर्यंत उघडा असतो, घरी बोलावलं तर घरी येतो, फटफटीवर. अन् सगळ्यात मोठं म्हणजे उधारी ठेवतो, कापूस विकल्यावर द्या म्हणतो. सुई लावतो, ताप उतरतो, लेकरू त्या रात्री झोपतं. काय सुई लावली ते कोणाला माहीत नसतं. मी किती वेळा सांगितलं असेल की बाई याच्याकडं नको नेऊ, तर तिचं एकच उत्तर, ताई तुमचा दवाखाना मी घरी येते तेव्हा बंद असते. यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

म्हणजे खर्च झालाच. फुकटचा सोडून पैशाच्या ठिकाणी गेली कारण तो पैसा तिला आज द्यायचा नव्हता.

मी माझ्याकडून जे करता येतं ते करते. आमच्या पेटीत ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल असतं. जुलाब असतील तर ओआरएस लगेच अन् झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्याच्या आतल्याला अर्धी म्हणजे १० मिलिग्राम, वरच्याला पूर्ण २० ची. ढाळ थांबले की बाया गोळी बंद करतात, ते करू नका, पूर्ण १४ दिवस द्या. खोकला-तापवालं लेकरू असेल तर मी आधी सदरा वर करून पोट-छाती बघते. अंगावर पाजत असेल किंवा रडत असेल तर श्वास मोजू नये, शांत झाल्यावर पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही.

बंधपत्रित_डॉक्टर

मी एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राच्या (सक्तीच्या सरकारी) सेवेत मेळघाटात पीएचसीला होतो, आता बालरोगात आहे. आशाताईंनी लिहिलंय ते एकदम बरोबर आहे, त्यात आकडे जोडतो कारण इथं बरेच आईबाप वाचत असतील.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचे ४० किंवा जास्त भरले तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू पीत नसेल, प्रत्येक घोट उलटून टाकत असेल, झटका आला, किंवा हलवूनही जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावायची, रात्री दोन वाजताही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता ताप किंवा अंग थंड पडणं हेसुद्धा पुरेसं कारण आहे.

मूळ प्रश्नाबद्दल. पहिल्या दिवशीचा न्यूमोनिया अन् चौथ्या दिवशीचा न्यूमोनिया यांचा उपचार वेगळा असतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिनचं साधं शिरप, पाच दिवस, घरीच. चौथ्या दिवशी ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शन अन् भरती. म्हणजे ज्याच्याकडं पैसा कमी त्यालाच शेवटी मोठा खर्च अन् मोठा धोका. अन् हे लेकरू आधीच कमी वजनाचं असेल तर चार दिवसही मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं बुटकी अन् २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानानं हडकुळी निघाली होती, अन् ही मुलं गरीब घरात जास्त. म्हणजे कमाई कमी असली की लेकरू जास्त वेळा आजारी पडतं अन् दवाखान्यात मात्र कमी वेळा अन् उशिरा पोचतं. खरं तर उलटं पाहिजे होतं.

मेळघाटात भुमक्याकडं, म्हणजे कोरकू आदिवासींच्या पारंपरिक वैदूकडं आधी नेतात, पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात, मी ते व्रण स्वतः पाहिलेत, तान्ह्या बाळाच्या पोटावर बेंबीभोवती गोल गोल डाग. ते पाहून मला पण राग यायचा. पण भुमका त्याच पाड्यात असतो, रात्री येतो, कोरकूत बोलतो, आईच्या शेजारी बसतो, कोंबडीवर नाहीतर धान्यावर भागवतो. जिथं नर्सबाई पाड्यावर राहायला होती अन् लोकांशी दोन शब्द कोरकू बोलायची तिथं बाया आधी तिच्याकडं यायच्या, हे पण मी तिथंच पाहिलं.

नागपूरवासी

डॉक्टर साहेब, चटके देणं हा पैशाचा प्रश्न कसा काय? हे तर समजावून बंदच करायला पाहिजे, गुन्हा दाखल व्हायला पाहिजे.

बंधपत्रित_डॉक्टर

बंद झालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. मी फक्त इतकं म्हणतो की गुन्ह्याच्या भीतीनं लोक लपवायला लागले तर लेकरू आणखी उशिरा येतं. आई चटक्याचा डाग झाकायला म्हणून दवाखान्यातच येत नाही, असंही पाहिलंय.

धानपट्टा_गडचिरोली

आमच्याकडं गडचिरोलीत यावर मोठं काम झालंय म्हणून लिहिते. डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था १९८६ पासून इथं आहे. त्यांनी बघितलं की बाळंतीण अन् बाळ घराबाहेर निघतच नाही, पावसाळ्यात नदी-नाल्यानं रस्ताच बंद, मग बाळाला दवाखान्यात आणायच्या ऐवजी उपचारच घरी न्यायचा. गावातलीच एक बाई शिकवली, आरोग्यदूत, ती घरी जाऊन वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, जंतुदोष वाटला तर औषध-इंजेक्शन देते. १९९३ पासून ३९ गावात केलं अन् शेजारच्या ४७ गावांशी ताडून बघितलं, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. पुढं २०११ मध्ये देशभरच्या आशांना हेच काम देलं, घरी जाऊन बाळ बघायचं, ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी, अन् घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशी पण.

आता यात बघा, गरीब-श्रीमंत फरक कुठं राहते? आशा दोघांच्याही घरी जाते. तुमच्या त्या दहावी झालेल्या बाईची एकही लस चुकली नाही म्हणता, कारण लस गावात येते ना, अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी नर्सबाई बसते, पोट्टं काखेत घेऊन दहा मिनिटात काम होते, रोजी पडत नाही. जे दारात येते त्यात आमच्याकडं श्रीमंत-गरीब सारखेच. जे तालुक्याला आहे तिथं फरक पडते.

कापूसकाठ

@धानपट्टा_गडचिरोली हे वाचून माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. आई तीच, घर तेच. लसीसाठी वेळेवर, तापासाठी चौथ्या दिवशी. म्हणजे शिक्षण आणि जागरूकता कमी पडली असती तर लस पण चुकली असती. @नागपूरवासी यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मनापासून ऐकायचंय.

नागपूरवासी

लसीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण एक दुसरी बाजू मांडतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते लेकराला जास्त नेतात, पण ते सगळंच चांगलं आहे का? माझ्या सोसायटीत साधी सर्दी झाली की अँटिबायोटिक, नेब्युलायझर, रक्ततपासण्या. महिन्यातून दोनदा डॉक्टर. त्या लेकरांना त्याची गरज होती असं मला वाटत नाही. तेव्हा जास्त दवाखाना म्हणजे चांगली काळजी असं सरसकट धरू नका.

बंधपत्रित_डॉक्टर

हे अगदी खरं आहे. बहुतेक सर्दी-खोकले विषाणूचे असतात, त्यांना अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. जुलाबातही बहुतेक वेळा ओआरएस-झिंक एवढंच लागतं. म्हणून किती वेळा नेलं यापेक्षा गरज होती तेव्हा नेलं का अन् योग्य ठिकाणी नेलं का हे बघावं. गावातही सुई-सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असं वाटत नाही, तो समज गरीब-श्रीमंत दोघांचाही आहे, फरक इतकाच की गरिबाला त्या सलाईनसाठी व्याजानं पैसे काढावे लागतात.

बचतगट_वाशीम

व्याजाचं निघालं म्हणून लिहिते, मी गटाची सचिव आहे. आमच्या गटात अंतर्गत कर्ज दोन टक्के महिन्यानं मिळतं. रजिस्टर काढून बघितलं की बाया कशासाठी कर्ज घेतात तर बियाणं-खत अन् त्याच्या खालोखाल दवाखाना, अन् दवाखान्यात बरंच लेकरांचं. पण मीटिंग महिन्यातून एकदा. लेकरू काही मीटिंगच्या दिवशी आजारी पडत नाही. मग बाई सावकाराकडं जाते नाहीतर खासगी फायनान्सवाल्याचा हप्ता चुकवून त्या पैशात भागवते, मग पुढच्या आठवड्यात तो दारात येऊन बसतो.

आम्ही एक केलं. गटाच्या पेटीत तीन हजार रोख वेगळे ठेवले, फक्त लेकराच्या अन् बाळंतिणीच्या दवाखान्यासाठी, मीटिंगची वाट नाही, ठराव नाही, रात्री कोणी दार वाजवलं तरी अध्यक्ष किंवा सचिव दोघींपैकी एकीनं द्यायचे, पहिला महिना बिनव्याजी. सुरुवातीला काही बाया म्हणाल्या बुडतील. आजवर सगळे परत आले. ज्या बाईनं नेले ती दुसऱ्या दिवशी येऊन सांगते की लेकरू कसं आहे, हे मला फार बरं वाटतं.

माय_रिसोड

मी लय लिहीत नाही पन लाडकी बहीनचे दीड हजार २०२४ मधी सुरू झाले तवापासून माह्या घरात एक फरक पडला. आधी लेकराले न्याचं म्हटलं तर नवऱ्याले, मंग सासऱ्याले विचारा लागे. ते वाईट नाईत पन म्हनत उद्या पाहू. आता माह्या खात्यात पैसे असते, मी ऑटो करतो अन् जातो, आल्यावर सांगतो. पैसे जास्त नाई पन माहे हायेत.

अन् अजून एक. पोरीचं दुखनं असलं तर "उद्या पाहू" दोन दिवस जास्त चालते. मले दोन्ही हायेत, पोरगा अन् पोरगी, मी डोळ्यानं पाह्यलं.

वऱ्हाडी_वावर

माय, हे शेवटचं लिहिलं ते सगळ्यायनं वाचा. आमच्या इकडंबी तसंच हाये. खोटं कायले बोलाव.

आशाताई_घाटंजी

माझ्या भागात पण. वजनाच्या दिवशी जी लेकरं लाल पट्ट्यात निघतात, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, त्यात मला पोरी जास्त दिसतात. त्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस भरती करायचं असतं, जिल्ह्याला. खाणं, औषध, सगळं फुकट, आईला बुडीत मजुरी पण मिळते. तरी बाई येत नाही, कारण घरी अजून दोन लेकरं, त्यांना १४ दिवस कोण खाऊ घालेल, बकऱ्या कोण बघेल, अन् बुडीत मजुरी खात्यात येते कधी, कित्येकदा दोन-तीन महिन्यांनी. तिला ती रोजच्या रोज हातात मिळाली तर निम्म्या बाया येतील असं मी खात्रीनं सांगते.

सेलू_वर्धा

सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलचं माहीत असेल अनेकांना. तिथं आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची जुनी पद्धत होती, वर्गणी पैशात नाही तर ज्वारीत घ्यायचे, सुगीच्या वेळी, घराच्या ऐपतीप्रमाणे, मग वर्षभर उपचारात सवलत. माझे आजोबा पायली-दोन पायली देत. यात मला मोठी अक्कल वाटते ती ही की घेणं तेव्हा ठेवलं जेव्हा घरात दाणे असतात, अन् आजारी पडल्यावर, हात रिकामा असताना, मागायचं नाही. वर भाऊंनी आषाढाचं लिहिलं ते त्या काळच्या डॉक्टर लोकांना समजलं होतं.

आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागं पाच लाखाचं संरक्षण आहे, ते चांगलंच आहे, मोठ्या ऑपरेशनला जीव वाचतो. पण ते भरती झाल्यावर, यादीतल्या आजाराला, यादीतल्या हॉस्पिटलात. ओपीडीतला ताप-खोकला-जुलाब त्यात बसत नाही. अन् लहान लेकरांची नव्वद टक्के दुखणी हीच ना?

कापूसकाठ

नव्वद टक्के वगैरे आकडा नको धरूया पण मुद्दा समजला. भरतीसाठी पाच लाख आहेत अन् भरतीची वेळच येऊ नये म्हणून लागणारे पाचशे नाहीत.

बापूराव_राजुरा_कडून

मी चांगला अनुभव सांगतो. माझी नात तीन वर्षांची, अंगणवाडीत तपासणीची गाडी येते, आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) म्हणतात, वर्षातून दोनदा, २०१३ पासून आहे. त्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली अन् म्हणाले आवाज वेगळा आहे, जिल्ह्याला चला. हृदयाला छिद्र निघालं. आम्हाला काही समजलंच नसतं, पोरगी थोडी दमायची, आम्ही म्हणायचो अशक्त आहे. तिथून पुढं वर्ध्याला ऑपरेशन, सगळं त्या कार्यक्रमात अन् योजनेत बसलं, आमचा खर्च फक्त राहण्या-जेवण्याचा. माझा मुलगा गवंडीकाम करतो, त्याच्यानं ते आयुष्यात झालं नसतं. आता शाळेत जाते.

अडचण सांगायची तर कागदाची. रेशनकार्ड बारा आकडी ऑनलाइन झालेलं पाहिजे, लेकराचं नाव त्यात चढलेलं पाहिजे. आमच्या नातीचं नाव चढलेलं नव्हतं, तहसीलला चकरा झाल्या, तिथं दीड महिना गेला. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी आजच जाऊन नाव चढवा अन् जन्मदाखला काढून ठेवा. योजनेची काही विचारपूस असेल तर १५५३८८ वर फोन लागतो, अन् प्रत्येक योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथं जा, दलालाकडं नाही.

पाडा_धारणी

कोरकू आहे मी, धारणीकडचा. आमच्यात दिवाळीनंतर अर्धा पाडा खाली जातो कामाला, अमरावती, अकोला, बऱ्हाणपूरकडं, वीटभट्टी, हरभरा काढणी, काही होळीला येतात अन् परत जातात. लेकरं सोबत. तिकडं आशा नाही, अंगणवाडीत नाव नाही, दवाखान्यात गेलं तर विचारतात कुठले तुम्ही. कमाई तेव्हाच होते अन् लेकरू तेव्हाच दवाखान्यापासून सगळ्यात लांब असतं. म्हणून नुसती कमाई वाढली की लेकरू दवाखान्यात जाईल असं नाही. डॉक्टर साहेबांनी भाषेचं लिहिलं ते पण खरं. माझी आई ओपीडीत मराठीत नीट सांगू शकत नाही, ती गप राहते, डॉक्टरला वाटतं हिला काही त्रासच नाही.

जाताना लसीचं कार्ड सोबत न्या एवढं मी सगळ्यांना सांगतो, कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुढची लस मिळते, गावाचीच अट नाही.

आशाताई_घाटंजी

@पाडा_धारणी दादा, आम्ही आता कामाला जाणाऱ्या घरांची यादी करतो अन् कार्डचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये काढून देतो, कार्ड भिजतं, हरवतं, फोटो राहतो. तुमच्याकडच्या आशाला सांगून बघा.

कापूसकाठ

खूप मोकळेपणानं लिहिलंत सगळ्यांनी. मी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर शाळेकडून आहे, म्हणून या चर्चेतलं काय काय आपल्या गावात करता येईल ते मांडते. समितीला वर्षाला दहा हजार अबंधित (ठराविक कामाचं बंधन नसलेला) निधी येतो. आमच्याकडं तो बहुतेक रंगरंगोटी अन् फवारणीत जातो. त्यातले काही पैसे आजारी लेकराच्या गाडीभाड्यासाठी राखून ठेवायचे, गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आधीच ठरवून, बाईनं पैसे द्यायचे नाहीत, गाडीवाल्यानं समितीकडून घ्यायचे. दुसरं, वाशीमच्या ताईंसारखी पेटी, आमच्या तीन गटांपैकी एक तयार आहे. तिसरं, जुलै ते सप्टेंबर उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ बसावं. हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं अन् तेच सगळ्यात अवघड. त्या राहतात तालुक्याला, उपकेंद्राच्या क्वार्टरला पाणी नाही, रात्री त्यांनी एकटीनं थांबायचं कसं हाही प्रश्न आहेच.

वऱ्हाडी_वावर

पान्याचं गावानं पाहाव ताई. क्वार्टरची टाकी अन् पाइप ग्रामपंचायत करू शकते, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून (ग्रामपंचायतीले २०२६ पर्यंतचा निधी) आरोग्य अन् पान्याले खर्च करता येत होता. आमच्या गावात केली. नर्सबाई रायते आता, मुक्कामी. रात्री दोन बाया सोबतीले झोपते, पाळीपाळीनं, सगळ्या जातीच्या.

आशाताई_घाटंजी

गाडीभाड्याचा ठराव लिहिताना "फक्त १०८ उपलब्ध नसल्यास" असं टाकू नका, नाहीतर ऑडिटवाले प्रत्येक वेळी १०८ ला फोन लावल्याचा पुरावा मागतील. "पाच वर्षांखालील आजारी बालकास दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी" इतकंच लिहा. परतीचं भाडं नक्की टाका, सगळे नेण्याचं बघतात, परत यायला बाई लेकरू घेऊन स्टँडवर चार चार तास बसते.

कापूसकाठ

परतीचं माझ्या लक्षातच आलं नसतं. @वऱ्हाडी_वावर भाऊ, तुमच्या ग्रामपंचायतीच्या त्या टाकीच्या ठरावाची प्रत मिळेल का? फोटो काढून इथंच टाका, नाव-गाव झाकून चालेल. आमची ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.

वऱ्हाडी_वावर

ग्रामसेवक भाऊ उद्या भेटते, मागतो अन् टाकतो.